बाळकुमजवळील उल्हासचा गाळ आणि खाडीकाठच्या बंदरांचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

उत्तर कोकणातील जुन्या बंदरांविषयी लिहिताना एक वाक्य फार सहजपणे वापरले जाते. ते असे की, खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर लयास गेले. सोपारे, कल्याण, ठाणे, वसई या सर्वांच्या बाबतींत हे वाक्य थोड्याफार फरकाने आढळते. वाक्य खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. गाळ कोठून आला, कोणत्या जातीचा आला, प्रवाहाने तो पुढे समुद्रात का नेला नाही, आणि तो नेमका कोणत्या काळात साचला, या चार प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून गाळास ऐतिहासिक कारण म्हणून पुढे करता येत नाही. राज्यक्रांती किंवा व्यापारी मार्गातील बदल यांना इतिहासकार जसा काळाचा पुरावा मागतो, तसाच तो गाळालाही मागितला पाहिजे.

या प्रश्नाचा विचार करण्यास बाळकुमचा किनारा हे एक योग्य ठिकाण आहे. ठाणे शहराच्या उत्तरेस असलेले हे गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. येथूनच जुना आग्रा रस्ता कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडून भिवंडीकडे जातो. या गावाच्या परिसरात उल्हास नदीचे गोडे पाणी, वसईकडून चढणारी भरती आणि ठाण्याच्या खाडीतून येणारी भरती या तिहींचा संबंध येतो. कल्याणकडे जाणाऱ्या गलबतांची वाट याच पाण्यातून होती आणि मुंबईच्या इमारतींस लागणारी रेतीही पुढे याच पात्रांतून निघाली. म्हणून गाळाचे शास्त्र आणि बंदरांचा इतिहास यांची गाठ येथे जशी पडते तशी अन्यत्र क्वचितच पडते.

२. नदी व तिचे दोन फाटे

उल्हास नदी बोरघाटाच्या परिसरात सह्याद्रीत उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर या गावांवरून उत्तरेकडे वाहत ती कल्याणास येते. तिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर असून पाणलोट क्षेत्र सुमारे ४,६०० चौरस किलोमीटर आहे. मुरबाडकडील डोंगरांतून येणारी काळू, थळघाटाच्या बाजूने येणारी भातसा आणि बारवी या तिच्या प्रमुख उपनद्या होत. कल्याणच्या खाली नदी भरतीच्या टप्प्यात येते. ठाण्याजवळ तिला दोन वाटा मिळतात. मुख्य प्रवाह बाळकुम, कोलशेत, घोडबंदर यांवरून पश्चिमेस वळून वसईच्या खाडीने समुद्रास मिळतो. दुसरी वाट अरुंद असून ती साकेत व कळवा यांच्या बाजूने दक्षिणेस ठाण्याच्या खाडीत व तेथून मुंबई बंदरात उतरते. या दोन वाटांमुळेच साष्टी हे बेट ठरले आहे.

या रचनेचे दोन परिणाम ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा की, नदीचा उतार घाटाच्या पायथ्याशी एकाएकी कमी होतो. डोंगरातील ओढ्यांना दगडगोटे लोटण्याचे सामर्थ्य असते; कल्याणच्या खाली तेच पाणी जवळजवळ सपाट भूमीवर येते. दुसरा परिणाम असा की, साष्टीच्या मागील पाण्यात भरती एका तोंडाने नव्हे तर दोन तोंडांनी शिरते. दोन्ही बाजूंनी आलेल्या भरत्या जेथे समोरासमोर येतात तेथे प्रवाहाचा वेग स्वभावतःच मंदावतो. मंद पाणी म्हणजे गाळ बसण्याची संधी, हे पुढील विवेचनाचे सूत्र आहे.

३. गाळ तरंगतो कसा: एका कल्पनेचा इतिहास

माती पाण्यापेक्षा सुमारे अडीच पटींहून अधिक जड असते. तरीही पावसाळ्यातील नदी शेकडो कोस माती वाहून नेते. ही गोष्ट नित्याची असल्यामुळे तिच्यातील कोडे लक्षात येत नाही. जड कण खाली का बसत नाहीत, याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

या उत्तराचा पहिला भाग १८५१ मध्ये आयरिश गणिती जॉर्ज स्टोक्स याने दिला. स्थिर द्रवात बारीक गोल कण किती वेगाने खाली जाईल याचे सूत्र त्याने मांडले. या सूत्राप्रमाणे अवपाताचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी होतो. व्यवहारातील आकड्यांत सांगावयाचे तर ०.१ मिलिमीटर व्यासाचा बारीक रेतीचा कण एक मीटर पाणी सुमारे दोन मिनिटांत उतरतो. ०.०१ मिलिमीटर व्यासाच्या कणास त्याच अंतरास सुमारे तीन तास लागतात. ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणास सुमारे तीन दिवस लागतात. एकाच गढूळ पाण्यात असलेल्या या तीन कणांचे भवितव्य इतके भिन्न आहे की ‘गाळ’ हा एकच शब्द त्या सर्वांस लावणे शास्त्रदृष्ट्या धोक्याचे ठरते.

परंतु नदीचे पाणी स्थिर नसते. १८८३ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने काचेच्या नळीत रंगीत धार सोडून दाखविले की, विशिष्ट मर्यादेनंतर प्रवाह सरळ रेषांत न वाहता भोवऱ्यांनी भरून जातो. या संक्षुब्ध प्रवाहात पाण्याचे गोळे सतत वर-खाली होत असतात. तळाजवळचे पाणी अधिक गढूळ व पृष्ठभागाजवळचे कमी गढूळ असल्यामुळे वर जाणारे पाणी जितके कण नेते तितके कण खाली येणारे पाणी परत आणीत नाही. यामुळे कणांची निव्वळ चढण घडते आणि ती कणांच्या अवपातास तोलून धरते. निलंबित गाळाचे रहस्य या तोलात आहे. कण तरंगत नसतो; तो सतत पडत असतो आणि सतत उचलला जात असतो.

ही कल्पना पूर्णपणे सिद्ध होण्यापूर्वीच हिंदुस्थानातील कालव्यांवर तिचा व्यावहारिक उपयोग सुरू झाला होता. पंजाबातील बारी दुआब कालव्यावर काम करणारा अभियंता आर. जी. केनेडी याने न भरणारे व न खरवडणारे कालव्याचे टप्पे निवडून १८९५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तळातून उठणारे भोवरेच गाळास आधार देतात, असे त्याने प्रतिपादन केले आणि प्रत्येक खोलीस एक ‘निर्णायक वेग’ असतो, असे सूत्र दिले. त्याहून कमी वेगात कालवा भरतो, अधिक वेगात तो खणला जातो. पुढे जेराल्ड लेसी याने १९३० च्या सुमारास हे भोवरे केवळ तळातून नव्हे तर पाण्याने भिजलेल्या संपूर्ण परिघातून उठतात, असा विचार मांडून स्थिर कालव्याची नवी सूत्रे तयार केली. महाराष्ट्रात १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने पाटबंधाऱ्यांच्या संशोधनासाठी स्थापन केलेली व पुढे खडकवासल्यास नावारूपास आलेली संस्था याच परंपरेतील होय. तेथे दीर्घकाळ काम केलेल्या क्लॉड इंग्लिस याने नद्या व कालवे यांच्या वर्तनावरील आपला ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध केला.

तोलाचे गणित मात्र १९३७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ हंटर राउज याने पूर्णत्वास नेले. कणाचा अवपातवेग आणि प्रवाहाच्या संक्षोभाचे सामर्थ्य यांच्या गुणोत्तरावरून कोणता कण तळाशी घरंगळेल, कोणता खालच्या थरात राहील आणि कोणता संपूर्ण खोलीत सारखा पसरेल, हे त्याच्या सूत्राने ठरविता येते. गुणोत्तर अडीचच्या वर गेले तर कण तळाशीच राहतो. एकाच्या बरेच खाली आले तर तो पाण्याबरोबर समुद्रापर्यंत जाऊ शकतो.

हे सूत्र उल्हाससारख्या नदीस लावून पाहता येते. पाच मीटर खोल व दहा हजारांत एक उतार असलेला पुराचा प्रवाह कल्पिला तर अर्धा मिलिमीटर व्यासाच्या रेतीसाठी हे गुणोत्तर सुमारे अडीच येते. म्हणजे ती रेती तळावरून घरंगळत व उड्या घेत जाते. ०.१ मिलिमीटरच्या बारीक रेतीसाठी ते सुमारे ०.३ येते, ती पाण्यात निलंबित राहते. चिकणमातीसाठी ते जवळजवळ शून्य होते. आता हाच प्रवाह भरतीच्या अडथळ्यामुळे मंदावून त्याचा संक्षोभ एक दशांशावर आला असे मानले, तर बारीक रेती खाली बसेल. परंतु चिकणमाती तरीही निलंबितच राहील. केवळ वेग कमी झाल्यामुळे नदीने आपला अत्यंत बारीक चिखल टाकून द्यावा, असे घडत नाही. मग खाडीच्या काठी मैलोगणती पसरलेला चिखल आला कोठून, हा प्रश्न उरतो.

४. खारे पाणी व भरतीची चाल

या प्रश्नाचे एक उत्तर रसायनशास्त्र देते. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युत्‌भार असतो. गोड्या पाण्यात ते एकमेकांस दूर लोटतात. खाऱ्या पाण्यातील क्षारांमुळे हे प्रतिसारण क्षीण होते व कण परस्परांस चिकटून त्यांच्या गुठळ्या बनतात. सुट्या कणास जे अंतर उतरण्यास तीन दिवस लागत होते, ते सेकंदास एक मिलिमीटर वेगाने पडणारी गुठळी सतरा मिनिटांत उतरते. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट दगड कुजून जी माती होते तिच्यात बारीक चिकणमातीचे प्रमाण पुष्कळ असते. अशी माती घेऊन आलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यास भेटले की, नदीने आणलेल्या ओझ्याचे स्वरूपच पालटते. ही भेट एका ठराविक जागी होत नाही. पावसाळ्याच्या पुरात खारे पाणी वसईच्या तोंडाकडे हटते. फाल्गुन-चैत्रात ते वर सरकते. गाळ बसण्याचा पट्टाही त्याबरोबर वर-खाली होतो.

दुसरे उत्तर भरतीच्या चालीत आहे. डच अभ्यासक व्हान श्ट्राटेन व केनन यांनी १९५७ मध्ये हॉलंडच्या उत्तर किनाऱ्यामागील उथळ वाडन समुद्राचा अभ्यास करून असे दाखविले की, भरतीबरोबर आत येणारा कण वेग कमी होताच त्या जागी बसत नाही. खाली पोहोचेपर्यंत तो आणखी आत वाहत जातो. परत जाताना मात्र त्याला उचलण्यास पुरेसा वेग ओहोटीत उशिरा येतो. अशा रीतीने प्रत्येक भरतीस कण थोडा थोडा आतच सरकतो. त्याच समुद्रात बेटांच्या पाठीमागे दोन तोंडांनी आलेल्या भरत्या जेथे मिळतात तेथे चिखलाचे उंचवटे तयार होतात. साष्टीच्या पाठीमागील पाण्याची रचना याच जातीची आहे. तेव्हा ठाण्याच्या परिसरातील चिखल केवळ डोंगरातून खाली आलेला नसून त्याचा काही भाग समुद्राच्या बाजूने वर चढलेला असला पाहिजे, हे अनुमान क्रमप्राप्त ठरते.

खाडीकाठचे कोळी आणि आगरी लोक या चालीशी पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. उधाण आणि भांग हे त्यांचे शब्द पाण्याच्या उंचीइतकेच त्याच्या जोराचेही द्योतक आहेत. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांतील फरक साडेतीन मीटरांहून अधिक होतो. भांगाच्या वेळी तो बराच कमी असतो. उधाणाचे पाणी तळ ढवळते आणि भांगाचे पाणी गाळ बसू देते. पंधरा दिवसांच्या या चक्रावर वर्षाचे चक्र चढलेले असते. नदीच्या गाळाचा बहुतेक सर्व भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उरलेले आठ महिने खाडीवर राज्य भरतीचेच असते.

५. बंदरांचा पुरावा

शास्त्राने दिलेली ही कसोटी आता इतिहासास लावून पाहू गेल्यास पहिले आश्चर्य कल्याणच्या बाबतींत वाट्यास येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. पूर्वीच्या एका सातवाहन राजाच्या काळी ती मान्यताप्राप्त बाजारपेठ होती. पुढे सत्तांतर झाल्यावर तेथील व्यापारास अडथळे आले व तेथे पोहोचलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जाण्याचा संभव होता, असा त्या मजकुराचा आशय आहे. कल्याणच्या अवनतीचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा होय आणि त्यात गाळाचा संबंध नाही. अडथळा पाण्यातील नव्हता. तो क्षत्रप व सातवाहन यांच्या स्पर्धेतून उत्पन्न झालेला होता. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे दाते आढळतात. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवासी लेखकाने वर्णिलेले ‘कल्लियाना’ हे व्यापारी स्थान बहुतेक अभ्यासक कल्याणच समजतात. म्हणजे पहिल्या शतकात ज्या बंदरास अडथळा आला होता ते पाच शतकांनंतर पुन्हा नांदते होते. गाळाने मेलेले बंदर असे जिवंत होत नाही. राजकीय कारणाने बंद पडलेले बंदर मात्र होते.

ठाण्याचाही पुरावा याच दिशेने जातो. शिलाहारांच्या ताम्रपटांत श्रीस्थानक ही राजधानी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याने ठाण्याच्या राज्यातून चामडे व सुती कापड निर्यात होत असल्याचे नमूद केले आहे. १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेल्यानंतरही या खाडीचे महत्त्व टिकून राहिले. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि त्यानंतर त्या भागात लढाऊ गलबतांची बांधणी सुरू झाली. या बांधणीकडे पोर्तुगीजांचे लक्ष गेले ते उगाच नव्हे. येथे बांधलेली गलबते समुद्रावर जावयाची तर त्यांनी साष्टीला वळसा घालणाऱ्या याच पाण्यातून, म्हणजे पोर्तुगीजांच्या ठाण्यांसमोरूनच जावयास हवे होते. सतराव्या शतकाच्या मध्यास वरची खाडी लढाऊ गलबतांस पुरेल इतकी खोल होती, असा निष्कर्ष यावरून निघतो.

अठराव्या शतकात या जलमार्गाचे लष्करी मोल आणखी स्पष्ट झाले. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई घेतली; इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे राहिली. दोन्ही खाड्यांवर ताबा असल्याशिवाय साष्टी टिकत नाही, हे या सर्व मोहिमांचे सूत्र होते.

तात्पर्य, पहिल्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत कल्याण व ठाणे यांच्या उत्कर्षापकर्षाचा आलेख सत्तांच्या आलेखाशी जुळतो. गाळाचा आलेख, वर वर्णिलेल्या प्रक्रिया ध्यानात घेता, असा चढ-उताराचा असणे कठीण आहे. तो सावकाश व एकाच दिशेने जाणारा असावयास हवा. खरा पालट झाला तो जहाजांच्या आकारात. समुद्रपार व्यापाराची जहाजे जसजशी मोठी व खोल बुडणारी झाली, तसतशी खाडीची मूळचीच मर्यादित खोली त्यांना अपुरी पडू लागली आणि मुंबईच्या खोल बंदराचे आकर्षण वाढले. खाडीची खोली थोडी घटली आणि जहाजांची गरज पुष्कळ वाढली. या दोहोंतील अंतरास इतिहासाने ‘गाळ’ असे एकच नाव दिले.

६. एकोणिसावे शतक: बांध, पूल व भरतीचे पाणी

गाळ हे प्रधान कारण म्हणून खऱ्या अर्थाने पुढे येते ते एकोणिसाव्या शतकात. आणि तेथेही ते एकटे येत नाही. १८५३ च्या १६ एप्रिल रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली. १८५४ च्या १ मे रोजी ती खाडीवरील पुलावरून कल्याणास पोहोचली. १८६० नंतरच्या काही वर्षांतच बोरघाट व थळघाट हे दोन्ही घाट लोहमार्गाने चढले गेले. घाटावरचा माल कल्याणास उतरून गलबतात भरण्याचे कारणच उरले नाही. जी वाहतूक खाडीचा मार्ग मोकळा ठेवण्याची निकड उत्पन्न करीत होती ती रुळांवर गेली. पुलाचे खांबही प्रवाहास काही प्रमाणात अडवितात व त्यांच्या आडोशास गाळ बसतो. परंतु पुलाने खाडी अडविण्यापेक्षा रेल्वेने व्यापार वळविणे हे अधिक परिणामकारक ठरले.

याच काळात व त्यापूर्वीपासून खाडीच्या काठचे खाजण बांध घालून शेतीस व मिठागरांस आणले जात होते. कोकणात ही रीत जुनी आहे. मातीचा बांध घालावयाचा, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडावयाचे आणि भरतीस आत येऊ द्यावयाचे नाही, असे तिचे स्वरूप. या खारजमिनींच्या बांधांसाठी मुंबई राज्यात १९४८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि महाराष्ट्रात १९७९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे काम निःसंशय हिताचे होते. खाडीच्या दृष्टीने त्याचा परिणाम वेगळा झाला. भरतीस पसरण्यास जितकी जागा कमी, तितके आत येणारे व बाहेर जाणारे पाणी कमी. जितके पाणी कमी, तितका ओहोटीचा वेग कमी. आणि वेग कमी झाला की केनेडीच्या कालव्याप्रमाणे खाडीही भरू लागते.

या कार्यकारणभावाचे उत्तम विवेचन अमेरिकन भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याने १९१७ मध्ये केले आहे. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी पाण्याच्या झोतांनी डोंगर फोडले गेले व त्यांचा गाळ सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापर्यंत आला. १८८४ मध्ये न्यायालयाने ही पद्धत बंद पाडली, तरी आधीच नदीत पडलेला गाळ अनेक वर्षे लाटेसारखा खाली सरकत राहिला. गिल्बर्टने आणखी असे दाखविले की, काठावरील दलदलीस बांध घालून भरती अडविल्यामुळे उपसागराच्या तोंडाशी वाहणाऱ्या पाण्याचे परिमाण कमी होते आणि बंदराच्या खोलीस त्याचा धोका पोहोचतो. डोंगरावरचे कृत्य आणि काठावरचे कृत्य यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो, हा त्या अभ्यासाचा धडा होय. उल्हासच्या खोऱ्यात सोन्याच्या खाणी नव्हत्या. परंतु जंगलतोड, उतारावरील शेती, रस्ते व दगडखाणी यांनी मोकळी केलेली माती आणि खाडीकाठचा बांध यांचे नाते तत्त्वतः तेच आहे.

७. रेती काढली जाते, चिखल उरतो

विसाव्या शतकात बाळकुमच्या पाण्यास नवा व्यवसाय मिळाला. मुंबईच्या वाढत्या बांधकामास रेती हवी होती आणि ती ठाणे-वसईच्या खाड्यांच्या तळाशी होती. मुंब्रा, डोंबिवली आदी ठिकाणची ‘रेतीबंदर’ ही नावे या व्यवसायाची साक्ष देतात. बुडी मारून बादलीने रेती काढणाऱ्या मजुरांच्या जागी पुढे यांत्रिक पंप आले. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने दीपककुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात लहान क्षेत्रातील वाळू-रेतीच्या उत्खननासही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. त्यामागे देशभरातील नद्यांच्या तळांची झालेली दुर्दशा होती.

रेती काढल्याने खाडी खोल होते, तेव्हा हा गाळ उपसण्याचाच एक प्रकार आहे, असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. राउजच्या सूत्राचा विचार केल्यास या युक्तिवादातील दोष स्पष्ट होतो. रेती व चिखल ही एकाच ओझ्याची दोन नावे नव्हेत. रेती तळावरून सावकाश सरकते. तिचा साठा तयार होण्यास दीर्घ काळ लागतो. आता तर भातसा व बारवी या उपनद्यांवर धरणे आहेत आणि जाड गाळ धरणाच्या जलाशयात अडकतो. शिवाय भिवपुरी येथील टाटांच्या वीजगृहातून घाटावरच्या ठोकरवाडी जलाशयाचे पाणी बारमाही उल्हासमध्ये येते. ते जलाशयात निवळलेले असल्यामुळे रेतीचा पुरवठा मुळीच करीत नाही. सारांश, काढलेली रेती सहजासहजी भरून येत नाही. चिखल मात्र समुद्राच्या बाजूनेही येतो व खणलेल्या खड्ड्यात मंदावलेल्या पाण्यात त्वरित बसतो. रेतीचा तळ जाऊन त्या जागी चिखलाचा तळ येणे हा खाडीचा सुधार नसून तिच्या स्वभावातील बदल आहे. काठ ढासळणे व मासळीच्या अधिवासात फरक पडणे हे त्याचे परिणाम होत आणि ते सर्वप्रथम काठावरच्या वस्तीस भोगावे लागतात.

दुसरीकडे, चिखलाचा विस्तार हा सर्वथा हानिकारकच असतो, असेही नाही. त्यावर तिवरांची वने वाढतात. त्यांची मुळे पाण्याचा वेग कमी करून आणखी गाळ धरतात. ठाण्याच्या खाडीतील चिखलाच्या सपाट भागावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्या क्षेत्रास रामसर यादीत स्थान मिळाले. एका शतकाने ज्यास बंदराचा शत्रू मानले त्यासच दुसऱ्या शतकाने संरक्षण दिले.

८. उपसंहार

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने कल्याण, ठाणे, मुंबई, वसईची खाडी व उल्हास नदी यांना जोडणारा मार्ग ‘राष्ट्रीय जलमार्ग ५३’ म्हणून घोषित केला. अशा रीतीने ज्या पाण्यातून सातवाहनकालीन व्यापारी कल्याणास जात होते, त्याच पाण्यातून पुन्हा वाहतूक करण्याचा विचार पुढे आला आहे. यामुळे खाडी कशाने उथळ झाली हा प्रश्न केवळ प्राचीन बंदरांच्या अभ्यासकांपुरता मर्यादित राहत नाही.

खडकवासल्याहून इंग्लंडास परत गेलेल्या इंग्लिसच्याच आयुष्यातील एक प्रसंग येथे उद्‌बोधक ठरतो. १९५७ मध्ये त्याने ॲलन या सहकाऱ्यासह टेम्स नदीच्या खाडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. लंडनच्या बंदरातून वर्षानुवर्षे उपसलेला चिखल बाहेरच्या खाडीत नेऊन टाकला जात होता. तो तळालगतच्या प्रवाहाबरोबर पुन्हा वर येत होता, असे त्या अभ्यासात निष्पन्न झाले. पुढे उपसलेला चिखल पाण्यात न टाकता जमिनीवर नेण्यात येऊ लागला. गाळाची वाट न समजता तो उपसणे म्हणजे तोच गाळ पुन्हा पुन्हा उपसणे होय. बाळकुम ते वसई या पट्ट्यात जो कोणी खोदकाम करील त्यासही हीच अट लागू आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित, परंतु निश्चित आहे. ‘गाळ साचला’ हे विधान घटनेचे वर्णन असू शकते. ते स्पष्टीकरण नव्हे. त्यास स्पष्टीकरणाचे रूप येण्यासाठी कणाचा आकार, प्रवाहाचा वेग, पाण्याचा खारेपणा, भरतीचे आकारमान आणि मनुष्याने त्यांत केलेला फेरफार, एवढ्यांची साक्ष लागते. कल्याणच्या बाबतींत ही साक्ष घेतली असता पहिल्या शतकातील अडथळ्याचा दोष गाळावरून उतरतो व राजसत्तांच्या स्पर्धेवर जातो. एकोणिसाव्या शतकातील ऱ्हासाचा दोष गाळ, बांध व रेल्वे यांच्यात वाटला जातो. अलीकडच्या काळात तर प्रश्नाचे स्वरूपच पालटून रेतीचा अभाव आणि चिखलाचे आधिक्य या दोन परस्परविरुद्ध गोष्टी एकाच तळावर एकत्र नांदताना दिसतात. नदीने आणलेला प्रत्येक कण सतत पडत असतो व सतत उचलला जात असतो. तो शेवटी कोठे विसावेल हे ठरविण्यात गेल्या दोनशे वर्षांत मनुष्याचा वाटा वाढत गेला आहे, आणि त्या वाट्याचा हिशेब हा निसर्गशास्त्राइतकाच इतिहासशास्त्राचाही विषय आहे.